धाकटी आग आणि थोरली आग

८ ऑक्टोबर १८७१ हा रविवार अमेरिकेच्या इतिहासात शिकागो शहराच्या आगीचा दिवस म्हणून नोंदला गेला आहे. त्या आगीत सुमारे ३०० माणसे दगावली आणि शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. परंतु त्याच रात्री, शिकागोच्या उत्तरेस सुमारे २५० मैलांवर, विस्कॉन्सिन राज्यातील पेश्टिगो नावाचे गाव अवघ्या तासाभरात जळून नाहीसे झाले. गावात आणि आसपासच्या वस्त्यांत मिळून किती जीव गेले याचा नेमका हिशेब कधीच लागला नाही. कारण गावाची दप्तरे जळाली आणि साक्ष देणारी माणसेही जळाली. कमीत कमी १,२०० आणि अधिकात अधिक २,५०० असा अंदाज केला जातो. बारा लाख एकरांच्या आसपास भूमी होरपळून निघाली. वणव्याने एवढी मनुष्यहानी अमेरिकेत त्यापूर्वी झाली नव्हती आणि त्यानंतरही झालेली नाही. तरीही शिकागो जगाच्या स्मरणात राहिले व पेश्टिगो विस्मृतीत गेले. शहरापाशी वर्तमानपत्रे होती. पेश्टिगोच्या बाजूच्या तारायंत्राच्या तारादेखील जळून गेल्या होत्या.

या विसरलेल्या रात्रीची हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती मुख्यत्वे एका धर्मगुरूमुळे. फादर पीटर पर्निन हे मूळचे फ्रान्स देशाचे. पेश्टिगो आणि शेजारचे मॅरिनेट अशा दोन धर्मग्रामांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या रात्री आकाश तांबडे झाले आणि वाऱ्याचा घोंगावणारा आवाज जवळ येऊ लागला, तेव्हा ते चर्चमधील पवित्र साक्रामेंत सोबत घेण्यासाठी धावले. घाईत मंजूषेची किल्ली हातातून निसटली. शोधण्यास अवधी नव्हता, म्हणून त्यांनी मंजूषाच उचलून आपल्या गाडीवर ठेवली आणि ती गाडी ओढत ते नदीवर गेले. काठावर माणसे दिङ्मूढ होऊन उभी होती. फादरांनी त्यांना पाण्यात लोटले आणि स्वतःही पाण्यात उतरले. डोक्यावर सतत पाणी मारत, ओली वस्त्रे पांघरून, ती माणसे कित्येक तास गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली. काही दिवसांनी ती मंजूषा नदीतील एका ओंडक्यावर जशीच्या तशी सापडली. १८७४ साली फादर पर्निन यांनी माँट्रिअल येथे आपली हकिकत छापून प्रसिद्ध केली. तिच्या विक्रीतून चर्चच्या उभारणीस साहाय्य व्हावे हा हेतू होता.

भाविक वाचकाच्या मनात ती मंजूषा घर करून राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्या पुस्तकातील आधीची पानेही तितक्याच लक्षपूर्वक वाचावीत असे आम्हांस वाटते. तेथे त्या रात्रीच्या आधीचे तीन महिने आहेत. जुलैपासून पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता. विहिरी आटल्या होत्या, दलदली वाळल्या होत्या. शेतकरी नवी शेते मोकळी करण्यासाठी झाडे पाडून बुंधे जाळत होते. लोहमार्गाचे मजूर जंगलातून वाट काढीत होते व कापलेली झाडेझुडपे बाजूला पेटवून देत होते. सप्टेंबरमध्ये एका वस्तीकडे गेले असता फादर पर्निन स्वतः एका मुलासह रानातील आगीत सापडले होते. गावकऱ्यांनी फांद्यांनी ज्वाळा झोडपून वाट केली म्हणून ते वाचले. धुराची लोकांना सवय झाली होती. थोरल्या आगीच्या आधी धाकट्या आगी अनेकदा येऊन गेल्या होत्या, परंतु त्या कोणाच्याच ताब्यात नव्हत्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पेश्टिगो हे लाकडावर उभे राहिलेले गाव होते. घरे लाकडाची, पदपथ फळ्यांचे, रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून पसरलेला करवतीचा भुसा. सभोवारच्या अरण्यातून फक्त सरळसोट खोड कारखान्याकडे जाई; शेंडे, फांद्या, टहाळे, साली तेथेच पडून राहत. एका पिढीच्या लाकूडतोडीचे हे उष्टे वाळून कोळ झाले होते. ठिणगी कोठून आली याचा वाद पुष्कळ झाला आहे. आमच्या मते तो वाद गौण आहे. ठिणगी कोठूनही येते. प्रश्न असतो तो ठिणगी पडेल तेथे काय साठले आहे हा. पुढे १ सप्टेंबर १८९४ रोजी मिनेसोटा राज्यातील हिंक्ली येथे ४१८ आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये त्याच राज्यातील क्लोके परिसरात ४५३ माणसे वणव्यात मृत्युमुखी पडली. तोच प्रदेश, तीच लाकूडतोड, तेच रानात सोडलेले टहाळे.

वणवा कसा वाढेल हे तीन गोष्टींवर ठरते: हवा, भूमीचा चढउतार आणि इंधन. वारा माणसाच्या हाती नाही, डोंगराचा उतार माणसाच्या हाती नाही. गवत, पालापाचोळा, झुडपे आणि वाळक्या काटक्या एवढेच काय ते माणसाच्या हाती आहे. ही साधी गोष्ट समजून घेण्यास एका प्रगत राष्ट्राला शंभर वर्षे का लागली, हीच या लेखाची कथा आहे.

१९१० चा धडा

अमेरिकेचे सरकारी वनखाते १९०५ साली स्थापन झाले. गिफर्ड पिंशो हे त्याचे पहिले प्रमुख. खाते बाल्यावस्थेत असतानाच २० व २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो, मॉन्टाना आणि वॉशिंग्टन या राज्यांत वादळी वाऱ्याने शेकडो लहानमोठ्या आगी एकत्र आणल्या आणि सुमारे ३० लाख एकर अरण्य जाळून टाकले. ८० हून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेक आग विझवण्यासाठी गेलेले मजूर होते. एडवर्ड पुलास्की नावाच्या वनरक्षकाने आपल्या तुकडीतील सुमारे ४५ माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले आणि जो बाहेर पडू पाहील त्याला गोळी घालीन अशी धमकी देऊन आत रोखून धरले. धुराने तो स्वतः बेशुद्ध पडला, काही साथीदार दगावले, पण बाकीचे जगले. कुऱ्हाड आणि कुदळ एकत्र जोडून त्याने घडवलेले हत्यार आजही अमेरिकेतील आग विझवणाऱ्यांच्या हाती असते आणि त्याच्याच नावाने ओळखले जाते.

या आगीने वनखात्याच्या मनावर जो चरा उमटला तो दोन पिढ्या पुसला गेला नाही. निष्कर्ष असा काढण्यात आला की, आग ही अरण्याची शत्रू आहे, ती कोणत्याही रूपात आणि कोणत्याही ऋतूत सहन करावयाची नाही. १९१० साली त्याच विभागाचे अधिकारी असलेले विल्यम ग्रीली पुढे खात्याचे प्रमुख झाले. त्यांचे त्या वेळचे सहायक फर्डिनंड सिलकॉक्स हेही नंतर प्रमुख झाले, आणि १९३५ साली त्यांनी सुप्रसिद्ध आदेश काढला: आग दृष्टीस पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ पासून स्मोकी नावाचे टोपीवाले अस्वल भित्तिपत्रकांवरून मुलांना वणव्याविरुद्ध उपदेश करू लागले. माणसे शूर होती, हेतू शुद्ध होता आणि आरंभी यशही मिळाले. जळणारे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत गेले. परंतु जे जळत नव्हते ते नाहीसेही होत नव्हते. दरवर्षीचा पाला मागील वर्षीच्या पाल्यावर पडत होता.

भारताचा धागा

या कथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. पिंशो यांनी फ्रान्समध्ये वनशास्त्र शिकत असताना ज्यांना गुरुस्थानी मानले ते जर्मन वनशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रँडिस हे भारताच्या वनखात्याचे आद्य प्रमुख होते. १८५६ पासून ब्रह्मदेशातील पेगूची सागवानी अरण्ये त्यांच्याकडे होती आणि १८६४ साली ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. एवढ्या अफाट देशाची अरण्ये एका सरकारी खात्याने सांभाळावीत ही कल्पना अमेरिकेला पटवताना पिंशो यांच्यापुढे भारताचे उदाहरण होते.

भारतातही गोऱ्या वनाधिकाऱ्यांनी आगीशी युद्ध पुकारले होते. मध्य प्रांतात, सातपुड्यातील बोरीच्या अरण्यात, १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सन यांनी आगप्रतिबंधाचा पहिला मोठा प्रयोग केला. त्यापूर्वी युरोपातील वनपंडितांना या देशातील वणवे थोपवता येतील हेच खरे वाटत नसे. १८७८ च्या वनकायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरला. गुरांना कोवळे गवत मिळावे, मोहाची फुले वेचता यावीत, वाट मोकळी राहावी, म्हणून थंडी सरताना रानातला पाला जाळणारा गोंड, बैगा, कोरकू हा आता गुन्हेगार होता. आपल्या ठाणे-कुलाब्याकडे राबासाठी झाडांचे टहाळ तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा एवढा असंतोष माजला की, १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. जोतीराव फुले यांनी तर १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याच्या जाचाची तक्रार मांडली होती.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या ब्रह्मदेशात ब्रँडिस यांनी कारकीर्द सुरू केली तेथीलच एक वनाधिकारी, हर्बर्ट स्लेड, यांनी १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ या वनखात्याच्या नियतकालिकात लिहिले की, ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण फार झाले आहे. ओलसर अरण्यांत आग बंद झाल्याने बांबू आणि इतर झाडोरा दाटला, जमिनीवर सावली झाली आणि सागाचे रोप उगवेनासे झाले होते. म्हणजे ज्या वृक्षासाठी आग बंद केली तोच वृक्ष आगीवाचून निर्वंश होऊ पाहत होता. खात्यात या लेखावरून वादंग माजले. पुढील काही दशकांत मात्र ब्रह्मदेशातील पुष्कळ सागवनांतून आगबंदी मागे घेण्यात आली. अमेरिकेचे वनखाते जन्माला येण्याआधी नऊ वर्षे हा धडा इंग्रजीत छापून तयार होता. अमेरिकेने भारताकडून खाते कसे चालवावे हे घेतले; खात्याला झालेली उपरती मात्र घेतली नाही.

ज्यांना विचारले नाही ते

अमेरिकेत आग वापरणारे लोक नव्हते असे नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडील कारूक व युरोक या मूळनिवासी जमाती पिढ्यानपिढ्या रानाचे लहान लहान तुकडे ठरावीक ऋतूत जाळत असत. त्याची कारणे अगदी घरगुती होती. जळालेल्या हेझल झुडपाला पुढील वर्षी सरळ, लवचीक कोंब फुटतात आणि त्यांचीच उत्तम टोपली विणता येते. ओकच्या झाडाखाली आग फिरवली की किडकी फळे नष्ट होतात आणि पुढील हंगामाचे अन्न निकोप मिळते. कोवळ्या गवतावर हरणे येतात. टोपलीसाठी, पिठासाठी आणि शिकारीसाठी लावलेल्या या आगींमुळे रान आपोआप विरळ व निर्धोक राहत असे. सिएरा नेवाडा पर्वतातील जुन्या झाडांच्या वलयांवर आगीचे व्रण मोजले असता पुष्कळ ठिकाणी दर दहा-पंधरा वर्षांनी जमिनीलगतची सौम्य आग येऊन गेल्याचे दिसते.

ही रीत मोडण्याचा पहिला लेखी हुकूम वनखात्याने काढलेला नाही. ३१ मे १७९३ रोजी सांता बार्बारा येथून स्पॅनिश गव्हर्नर आरियागा यांनी कॅलिफोर्नियातील मूळनिवाशांना, मग ते बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, रान जाळण्यास मनाई केली, आणि ती मनाई लोकांना समजावून देण्याचे काम फ्रान्सिस्कन मिशनमधील धर्मगुरूंवर सोपवले. मिशनच्या गुरांना कुरण हवे होते. आपल्या धर्मबांधवांचा हा वाटा आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. इतिहास लिहिताना तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे अमेरिकन राजवट आली आणि १८५० च्या कायद्याने तीच बंदी दंडासह कायम केली.

गोऱ्या वसाहतवाल्यांतही काही शेतकरी व लाकूड व्यापारी सौम्य जाळणीचे पुरस्कर्ते होते. १९१० च्या ऑगस्टमध्येच, म्हणजे त्या भीषण आगीच्याच महिन्यात, जॉर्ज हॉक्सी यांचा या पद्धतीची भलावण करणारा लेख ‘सनसेट’ मासिकात आला होता. त्याहून वाईट मुहूर्त सापडणे कठीण. १९२० साली ग्रीली यांनी या पद्धतीला ‘पायूट वनशास्त्र’ म्हणून हिणवले. पायूट हे एका मूळनिवासी जमातीचे नाव. म्हणजे रानटी लोकांची रीत हाच तिच्याविरुद्धचा मुख्य युक्तिवाद झाला. पद्धत खरी की खोटी हे तपासण्याआधी ती कोणाची आहे हे पाहिले गेले.

झाडांनी दिलेली साक्ष

शेवटी साक्ष दिली ती झाडांनीच. मूळनिवाशांच्या भूमीवर काम करणारे वनाधिकारी हॅरल्ड वीव्हर यांनी १९४३ साली लिहिले की, आगीवाचून पाँडेरोसा पाइनची वने रोगट आणि घनदाट होत आहेत. बर्कली विद्यापीठातील प्राध्यापक हॅरल्ड बिसवेल यांनी पुढील दोन दशके जाळणीची प्रात्यक्षिके केली, आणि त्याबद्दल सहकाऱ्यांची टवाळी सोसली. आणि मग सिकोया. जगातील सर्वांत प्रचंड असे हे वृक्ष, दोन-तीन हजार वर्षे जगणारे. त्यांच्या राईत आगीचा मागमूस नव्हता, पण रोपही नव्हते. सिकोयाचे बंद फळ आगीच्या धगीने उघडते आणि बी उघड्या, राख पडलेल्या मातीत रुजते, हे १९६० च्या दशकातील अभ्यासाने स्पष्ट झाले. १९६३ साली लिओपोल्ड समितीने राष्ट्रीय उद्यानांच्या धोरणावर कठोर अहवाल दिला, १९६८ साली राष्ट्रीय उद्यान खात्याने धोरण बदलले, आणि १९७८ साली वनखात्याने ‘सकाळी दहा’चा दंडक सोडून दिला.

परंतु धोरण कागदावर बदलते तसे रान बदलत नाही. शंभर वर्षांचा साठा रानात तसाच होता. पूर्वी जमिनीलगत सरपटणाऱ्या आगीला आता झुडपे आणि कोवळी झाडे यांची जणू शिडी मिळाली होती. तिच्यावरून आग थेट शेंड्यापर्यंत चढू लागली. त्यात तापमान वाढले, उन्हाळा लांबला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या वणव्यांत जगातील थोरल्या सिकोया वृक्षांपैकी सुमारे १३ ते १९ टक्के वृक्ष नष्ट झाले. ज्या वृक्षांनी हजारो वर्षे शेकडो आगी पचवल्या ते या आगीपुढे टिकले नाहीत. ‘जायंट फॉरेस्ट’ नावाच्या राईत मात्र अनेक दशके ठरवून जाळणी केली जात होती. २०२१ चा वणवा तेथे पोहोचला तेव्हा त्याचा जोर ओसरला आणि तेथील बहुतेक महावृक्ष उभे राहिले.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइस गाव जळाले. ८५ माणसे मेली आणि १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. तेथील छायाचित्रांत एक गोष्ट पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते: घर राख झालेले आणि शेजारचे झाड हिरवे. ज्वाळांची भिंत घरावर चालून आली असे पुष्कळ ठिकाणी घडलेच नव्हते. वाऱ्याबरोबर उडालेले निखारे छपराच्या पन्हळीतल्या वाळक्या पानांत, ओट्याखालच्या कचऱ्यात, भिंतीला टेकलेल्या सरपणात पडले. म्हणून आता तेथे घराभोवतीची पहिली पाच फूट जागा अगदी मोकळी ठेवावी असे सांगितले जाते. रानात विरळणी करणे, जमिनीलगतची झुडपे काढणे, कापलेला पाला तेथेच न सोडणे आणि थंड, ओलसर दिवशी सौम्य आग फिरवणे हे पुढचे उपाय. फ्लोरिडा राज्यात तर दरवर्षी सुमारे २० लाख एकर ठरवून जाळले जाते, आणि १९९० च्या कायद्याने तेथे जाणत्या माणसाने केलेल्या जाळणीस संरक्षण दिले आहे. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात २००५ पासून मेंढपाळांना जाळरेषांवर कळप चारण्याबद्दल मोबदला मिळतो. तेथे शेळ्यामेंढ्या गवत खाऊन आगीचे इंधन कमी करतात.

धाकटी आग हाताबाहेर जाते तेव्हा

येथवर वाचून कोणास वाटेल की प्रश्न सुटला. तसे नाही. न्यू मेक्सिको राज्यातील मोरा आणि सान मिगेल या परगण्यांत स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांची जुनी खेडी आहेत. पाटाचे पाणी, सामाईक कुरण, सरपणाचे सामाईक रान आणि गावोगावची मातीची लहान प्रार्थनामंदिरे असे त्यांचे जीवन. १८४८ नंतर अमेरिकन राजवटीत त्यांच्या सामाईक जमिनींपैकी पुष्कळ जमीन हातची गेली. एप्रिल २०२२ मध्ये वनखात्याने तेथील रानात ठरवून लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. जानेवारीत पेटवलेल्या टहाळ्यांच्या ढिगांतील विस्तव बर्फाखाली धुमसत राहिला होता, तोही त्याच महिन्यात उफाळला. दोन्ही आगी एकत्र आल्या आणि ३,४१,००० एकर भूमी जळाली. त्या राज्याच्या नोंदलेल्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वणवा. शेकडो घरे गेली, आणि पाठोपाठच्या पावसाळ्यात उघड्या डोंगरांवरून आलेल्या पुरांनी पाटही बुजवले. नुकसानभरपाईसाठी अमेरिकन संसदेला त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करावा लागला.

ज्या खात्याने शंभर वर्षे आग लावू दिली नाही त्याच खात्याने लावलेल्या आगीत आपले घर जळावे, हा त्या शेतकऱ्यांच्या मनातील घाव केवळ पैशाने भरून येणारा नाही. आम्हांस येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, साठा शंभर वर्षांचा असेल तर धाकटी आगही धाकटी राहीलच असे नाही. आधी हाताने, कोयत्याने, कुऱ्हाडीने भार हलका करावा लागतो. दुसरी ही की, जाळणीचा दिवस दिनदर्शिकेत पाहून ठरत नाही. खात्याच्या स्वतःच्या चौकशीत आढळले की, रान किती कोरडे झाले आहे याचा अंदाजच चुकला होता. वाऱ्याची आणि गवताची नाडी ओळखणारी माणसे त्या भूमीवरच राहणारी असतात.

सर्व रानांना एकच औषध चालत नाही हेही नमूद केले पाहिजे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरील खुरटी झुडपे वारंवार जाळली तर ती मरतात आणि त्यांच्या जागी अधिकच लवकर पेटणारे गवत येते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या परिसरात सुमारे ३० माणसांचा बळी घेणारे वणवे अशाच भूमीतून घरांवर आले. तेथे डोंगर जाळून उपयोग नाही. घर आणि अंगणच सांभाळले पाहिजे.

या सगळ्या इतिहासात अलीकडे एक समाधानाची गोष्ट घडली आहे. कारूक आणि युरोक कुटुंबे पुन्हा आपल्या रानात आग फिरवू लागली आहेत. टोपल्या विणणाऱ्या स्त्रियांनी हेझलच्या सरळ कोंबांसाठी या कामी विशेष आग्रह धरला. कॅलिफोर्नियाने २०२१ साली जाणत्या जाळणाऱ्यांवरील भरपाईचे ओझे कायद्याने हलके केले आणि २०२४ साली मूळनिवासी जमातींना परंपरेनुसार जाळणी करता यावी म्हणून आणखी एक कायदा केला. १७९३ च्या हुकुमापासून २०२४ पर्यंत २३१ वर्षे होतात.

आपल्या डोंगरांकडे

हे सर्व वाचून सह्याद्रीच्या उतारांवर काडी ओढावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आपल्याकडील वणवे बहुतांशी माणसानेच, निष्काळजीपणाने वा क्षुल्लक लाभासाठी, भर उन्हाळ्यात लावलेले असतात. त्यांत लावलेली रोपे, पक्ष्यांची अंडी आणि मातीवरचा पाल्याचा थर जळतो, आणि पुढच्या पावसात उघडी माती ओढ्याला मिळते. आपल्या देशात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत मानला जातो आणि त्यापूर्वी जाळरेषा तयार ठेवण्याची वनखात्याची रीत आहे. ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापावयाचे, वाळवावयाचे, आणि माणसे हाताशी उभी करून, सकाळच्या थंड हवेत ते जाळावयाचे. म्हणजे पुढे आलेला वणवा त्या मोकळ्या पट्ट्याशी अडखळतो. धाकट्या आगीने थोरलीला अडविण्याचे हे तत्त्व आपल्या वनरक्षकाला नवे नाही. त्याच्या हाताखाली माणसे किती आणि गावाचा सहभाग किती, एवढाच प्रश्न असतो.

तो प्रश्न आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. डोंगराच्या पायथ्याशी आपली धर्मग्रामे आहेत, वाड्या आहेत, आंब्याकाजूच्या बागा आहेत. पूर्वी डोंगरावरचे गवत गुरे खात, काटक्या चुलीत जात, टहाळ राबात जाई. रान साफ राहत असे, आणि ते आपण साफ करतो आहोत याची कोणाला जाणीवही नसे. आता घरोघरी गॅस आला, गुरे गेली, भाजावळ कमी झाली. हे सुख नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे काम चूल आणि गोठा मिळून करीत होते ते आता कोणीतरी जाणूनबुजून केले पाहिजे. बागेच्या कडेचे गवत पौषात कापणे, कुंपणालगतचा पाला ओढून खड्ड्यात कुजवणे, घराच्या भिंतीपासून सरपण दूर रचणे, आणि जाळरेषेच्या दिवशी वनरक्षकाबरोबर आणि पाड्यावरच्या आदिवासी बांधवांबरोबर चार तास उभे राहणे, एवढेच ते काम आहे. त्यातही पाड्यावरच्या म्हाताऱ्याला आधी विचारावे: वारा कोठून फिरतो, कोणते गवत आधी वाळते, कोणत्या घळीत आग चढते. १८९६ साली ब्रह्मदेशात आणि १९१० साली अमेरिकेत हेच विचारावयाचे राहून गेले होते.